कुलूप अजून खेळतोय

आमच्या लीगमध्ये खरा फुटबॉल कोणीच खेळत नाही. खेळण्याजोगा माणूसच आमच्यात नाही. एकाचे गुडघे गेलेत, एकाचं पोट सुटलंय, आणि आमचे दातांचे डॉक्टर एक जिना चढले की भिंत धरून उभे राहतात. पण बारा जणांचे बारा संघ आहेत, आणि त्या संघांवरून आम्ही जितकं भांडतो तितकं भाऊबंदही भांडत नसतील.

सामने संगणक खेळतो. औषधाच्या दुकानाचा मालक आमची लीग चालवतो, म्हणून त्याला सगळे पंच म्हणतात. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत प्रत्येकाने आपल्या अकरा जणांची यादी पाठवायची. शनिवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून पंच बटण दाबतो आणि आठवड्याचे सगळे सामने मिनिटभरात खेळून होतात. खेळाडूंना तो प्रोग्रॅमच जन्माला घालतो. ते वाढतात, दमतात, त्यांच्या मांड्या आखडतात आणि वय झालं की ते निवृत्त होतात. त्यांना नाव देण्याचा हक्क मात्र मालकाचा. त्यामुळे आमच्याकडे आजवर भिंत, टपाल, कासव अशी नावं खेळली आहेत. बेकरीवाल्याच्या संघात तर सासूबाई नावाचा बचावपटू आहे, आणि त्याला आजवर कोणी चकवू शकलेलं नाही.

माझा संघ नाही. माझ्याकडे मत आहे. दर रविवारी सकाळी मी आमच्या ग्रुपवर लेख टाकते: प्लेऑफला, म्हणजे शेवटच्या चौघांत, कोण जाणार, कोणी नुसती जागा अडवलीय, विजेतेपदाची स्वप्नं कोणी बघू नयेत. मी कोणाची भीड ठेवत नाही म्हणून मला कात्री म्हणतात. शिव्या खाते, पण लेख यायला उशीर झाला तर बाराही जण कासावीस होतात.

पोटापाण्यासाठी मी लोकांचे कान तपासते. काचेच्या बंद खोलीत माणसाला बसवायचं, कानावर हेडफोन चढवायचे आणि बारीकसा आवाज सोडायचा. ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. या कामाने मला एक गोष्ट पक्की शिकवली आहे. ज्याला ऐकू येत नाही तो तसं कधीच सांगत नाही. तो हसतो, मान हलवतो, आणि तुम्ही काही विचारलंत तर उलट तुम्हालाच विचारतो, ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं हसू मी खोलीच्या दुसऱ्या टोकावरून ओळखते, असा माझा समज होता.

बारा मालकांपैकी एक माझा दादा. तो बस डेपोत ड्युट्या लावायचा. कोणत्या ड्रायव्हरला कोणती गाडी, कोणाची पहाटेची पाळी, कोणाच्या घरी आजारपण आहे म्हणून त्याला दुपारची, हे सगळं त्याच्या डोक्यात असायचं. निवृत्त झाल्यावर ते डोकं त्याने लीगला लावलं. तो कधी विजेता झाला नाही, पण त्याच्याशी सामना असला की आदल्या दिवशी लोकांना जेवण गोड लागायचं नाही. त्याचा गोलकीपर म्हणजे कुलूप. ते नाव दादानेच दिलं होतं आणि कुलूपने ते राखलं. तीन हंगामांपूर्वी कुलूप निवृत्त झाला तेव्हा मी त्याच्यावर निरोपाचा लेख लिहिला होता. संगणकातल्या एका आकड्यासाठी लिहिताना माझे डोळे भरून आले, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

या हंगामात प्लेऑफची शर्यत पार चिघळली होती. पहिले तीन संघ ठरल्यासारखे होते आणि चौथ्या जागेसाठी पाच जण एकमेकांचे पाय ओढत होते. दादा त्या पाचांत सगळ्यात खाली. अशातच एका शनिवारी निकालाबरोबर सगळ्यांच्या याद्या उघड झाल्या, आणि दादाच्या यादीत पहिलंच नाव होतं, कुलूप.

ग्रुपवर गोंधळ उडाला. निवृत्त माणूस मैदानात आला कसा? पंचाने शोधून काढलं. यादीत संघात नसलेलं नाव आलं की प्रोग्रॅम तक्रार करत नाही; प्रत्येक संघाची तयार होणाऱ्या पोरांची एक शाळा असते, तिच्यातलं सगळ्यात लहान पोरगं त्या जागी उभं करतो. आणि ते पोरगं पाहुणं समजलं जात असल्यामुळे त्याचा थकवा धरत नाही. सगळ्यांचे गोलकीपर हंगामाच्या शेवटी पाय ओढत असताना दादाचं पोरगं टुणटुणीत होतं. त्याने एकही गोल होऊ दिला नव्हता.

मी दादाला फोन केला. “दादा, कुलूपला कसं काय घेतलंस?”

तो हसला. “तुला काय वाटतं?”

“मला वाटतं तुला प्रोग्रॅममधलं भोक सापडलंय. मेलेलं नाव लिहायचं आणि ताजं पोरगं मिळवायचं.”

“अगदी बरोबर,” तो म्हणाला. “हुशार आहेस, छोटे.”

मी फोन ठेवला आणि तासाभरात लेख लिहून टाकला. असा फर्मास लेख मी वर्षात लिहिला नव्हता. या लीगमध्ये डोकं एकाच माणसाचं चालतं आणि बाकीच्यांनी आपापली डोकी दातवाल्यांकडे दाखवून यावीत, असं मी लिहिलं. वय झालं की बुद्धीला धार येते, हेही लिहिलं. कान तपासणारी बाई मी. ‘तुला काय वाटतं?’ माझ्याच कानात पडलं होतं, आणि मी बटण दाबलं नाही.

पुढच्या आठवड्यात दादाने कुलूपबरोबर कासवही काढला. कासवही कधीचा निवृत्त. दादा पुन्हा जिंकला. मग मात्र सगळ्यांना राहवेना. बेकरीवाल्याने जुन्या याद्या उपसून मधल्या फळीतले दोन निवृत्त खेळाडू शोधले. दुसऱ्या एकाने तर पायाचं हाड मोडून कायमचा बाद झालेला माणूस खेळायला उतरवला. बघता बघता प्लेऑफच्या तोंडावर आमची लीग म्हणजे निवृत्तांचं संमेलन झालं. नियम बदलावा की नाही यावर मतांचा पाऊस पडला. दातवाले म्हणाले ही फसवणूक आहे. बेकरीवाला म्हणाला ही कला आहे. पंच म्हणाला हंगाम चालू असताना नियम बदलणार नाही, आणि मला विचारून पुन्हा पुन्हा डोकं खाऊ नका. पण बाकीच्यांची नक्कल जमली नाही. ते विचार करकरून अर्धा संघ जुन्या नावांनी भरत होते, आणि एवढी कच्ची पोरं एकदम मैदानात उतरली की ती त्यांनाच महागात पडत होती. दादा शेवटच्या दिवशी चौथ्या जागेवर चढला. उपांत्य सामन्यात त्याने पहिल्या नंबरच्या संघाला पेनल्टीवर लोळवलं. फायनल दातवाल्यांशी.

मी अगदी खुशीत होते. त्याच खुशीत दादाकडे गेले.

दादा बाजूच्या खोलीत झोपला होता. वहिनी स्वयंपाकघरात टॉवेलच्या घड्या घालत होत्या. घातलेली घडी उलगडायच्या आणि पुन्हा घालायच्या.

“वन्सं, तुम्ही आलात ते बरं झालं,” त्या म्हणाल्या. “तुमच्या त्या लेखाने मला फार धीर आला होता.”

“कसला धीर?”

त्यांनी टॉवेल बाजूला ठेवला. “मागे हे बसने बाजारात गेले आणि शेवटच्या स्टॉपपर्यंत बसूनच राहिले. डेपोतला ओळखीचा ड्रायव्हर होता, तो दारापर्यंत घेऊन आला. हे मला म्हणाले, अगं, हा भेटायला आलाय, चहा टाक. मी टाकला. काय करणार? मग एकदा इथे येऊन उभे राहिले. बराच वेळ माझ्याकडे बघत होते. मग विचारलं, तुमची पाळी किती वाजता संपते?”

मी खुर्ची ओढून बसले.

“तुमची, म्हणाले. मला,” वहिनी म्हणाल्या. “मी मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती. चार महिन्यांनी मिळाली होती. आणि मग तुमचा लेख आला. यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी म्हटलं, इतकं डोकं चालतंय, यांची सख्खी बहीण लिहितेय, एवढी शिकलेली. मीच वेडी. वेळ रद्द केली.”

त्यांच्या बोलण्यात माझ्यावर जराही राग नव्हता, आणि ते मला जास्त लागलं. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. कुलूप, कासव, ते हसू, ‘अगदी बरोबर’. दादाला कसलंही भोक सापडलं नव्हतं. त्याच्या डोक्यात कुलूप अजून खेळत होता, एवढंच. आणि त्याच्या विसरण्याची बाकीच्या दहा जणांनी नक्कल केली, दातवाल्यांनी तिला फसवणूक म्हटलं, आणि मी त्या विसरण्यावरच लेख लिहिला.

वहिनींनी तिथल्या तिथे दवाखान्यात फोन लावला. कोणीतरी वेळ रद्द केली होती, फायनलनंतरच्या सोमवारची जागा मोकळी होती. ती गेली तर पुन्हा महिनोन् महिने थांबणं. आता दादाला तयार करायचं तेवढं उरलं होतं.

तो उठल्यावर मी विषय काढला. तो आधी हसला, मग चिडला.

“मला डॉक्टर? मी फायनलला पोचलोय. तुमच्यातल्या एकाला तरी पोचता आलं का?” त्याने फोन काढून माझाच लेख माझ्यापुढे धरला. “हे वाच. कोणी लिहिलंय? मी लिहिलंय?”

“मी चुकले, दादा.”

“तू चुकत नसतेस. तसं तूच सांगत असतेस सगळ्यांना.”

वहिनींनी डोळ्याला पदर लावला. मी तासभर डोकं फोडलं. शेवटी त्यालाच कंटाळा आला. “असं करू,” तो म्हणाला. “फायनल हरलो तर येतो तुमच्या डॉक्टरकडे. मुकाट्याने येतो. जिंकलो तर हा विषय या घरात पुन्हा निघायचा नाही. कबूल?”

“कबूल,” मी म्हटलं.

लहानपणापासून दादा हरावा असं मला कधी वाटलं नव्हतं. त्याच्या संघाचा एखादा गोल नाकारला गेला की मी पंचाला फोन करून भांडायची, आणि तो बिचारा सांगायचा, अहो ताई, ते मी नाकारत नाही, संगणक नाकारतो. आता त्याच दादाचा धुव्वा उडावा म्हणून मी आतल्या आत हात जोडत होते.

शुक्रवारी मी पुन्हा गेले. यादी पाठवायची होती आणि दादाला पासवर्ड आठवत नव्हता; तो वहिनींनी वहीतून काढून दिला. “बोटं थरथरतात हल्ली,” तो म्हणाला. “मी सांगतो, तू लिही.”

तो खुर्चीत ताठ बसला, डोळे मिटले. डेपोतही तो असाच बसायचा म्हणे. मी त्याच्या फोनवर लिहायला लागले.

“गोलवर कुलूप. मागे भिंत, कासव, दोरखंड.” सगळे निवृत्त. मी लिहिलं. “मधे टपाल.” टपाल तर त्याने दुसऱ्या संघाला देऊन टाकला होता. लिहिलं. “मग चष्मेवाला.”

“चष्मेवाला कोण, दादा?”

“अगं, चष्मेवाला. पण त्याला पहाटेची नको देऊ. परवाच मूल झालंय त्याच्या घरी, रात्रभर जागा असतो.”

मी ओळखलं. चष्मेवाला डेपोतला ड्रायव्हर. दादाच्या निवृत्तीच्या समारंभाला तो आपल्या मुलाला घेऊन आला होता, आणि मुलगा बापापेक्षा वीतभर उंच होता.

“त्याच्यानंतर तो लंबू. त्याला डोंगराकडची गाडी द्या, त्याचा हात चांगला आहे. आणि धाकटे कंडक्टर दोघं एकत्र नकोत, भांडतात.”

वहिनी दारात उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. एका शब्दाने मला थांबवता आलं असतं. ‘दादा, हे ड्रायव्हर आहेत, आपल्या संघात अमुक आहे, तमुक आहे.’ तो हसून म्हणाला असता, अगदी बरोबर. आणि संघ नीट लागला असता, आणि तो जिंकलाही असता कदाचित. मी लंबू लिहिलं. दोन्ही कंडक्टर लिहिले, एक आधी आणि एक शेवटी, मधे त्याने सांगितलेली उरलेली नावं घालून, म्हणजे त्यांनी भांडू नये. आणि पाठवून दिलं.

“झालं?” दादाने डोळे उघडले. “कोणावर अन्याय नाही ना झाला?”

“नाही.”

“ते महत्त्वाचं,” तो म्हणाला आणि समाधानाने खिडकीबाहेर बघत बसला.

पंचाचा फोन मलाच आला. “ताई, दादांची यादी बघितली का? त्यांच्या संघातला एकही चालू खेळाडू नाही. आणि यातली काही नावं तर मी कधी ऐकलेलीच नाहीत. शाळेत एवढी पोरंही नाहीत हो त्यांच्या. काही नवा डाव आहे का?”

“हो,” मी म्हटलं. “तशीच चालव.”

शनिवारी शाळेतली पोरं संपली तिथे प्रोग्रॅमने जागा रिकाम्या सोडल्या. सात पोरं दातवाल्यांच्या अकरा गड्यांपुढे उभी राहिली. पहिला गोल तिसऱ्याच मिनिटाला झाला. मी पुढचं वाचलं नाही, शेवटचा आकडा तेवढा पाहिला. नऊ-शून्य. आमच्या लीगच्या फायनलमध्ये असा निकाल आजवर लागला नव्हता.

मग मतं सुरू झाली. चॅम्पियन झालेले दातवाले आनंद करायचा सोडून पेटले होते: हा माझा अपमान आहे, मला अशी खिरापत नको. बेकरीवाला म्हणाला, शहाण्याने शहाणपणा किती करावा याला मर्यादा असते. एकजण म्हणाला, दादांना पहिल्यापासूनच आमची थट्टा करायची होती. आणखी एकाला यातही काहीतरी खोल डाव दिसत होता, पुढच्या हंगामात तो उघड होईल म्हणे. सगळे माझ्या लेखाची वाट बघत होते. कात्री, भाऊ आहे म्हणून सोडू नकोस, असंही कोणीतरी लिहिलं.

रविवारी मी बसले. एरवी मला शब्द शोधावे लागत नाहीत. त्या दिवशी तीन वेळा लिहिलं आणि पुसलं. शेवटी एवढंच टाकलं: “दादाने कोणतीही युक्ती केली नव्हती. त्याला कुलूप अजून खेळतोय असं वाटत होतं. मला ते कळायला हवं होतं. या हंगामावर माझं मत नाही.”

ग्रुपवर कोणी काही लिहिलं नाही. सगळ्यांनी वाचलं होतं, तेवढं दिसत होतं. मग दातवाल्यांचा मला वेगळा निरोप आला, की दादांना डॉक्टरकडे न्यायला गाडी हवी असेल तर मी सुटी घेतो. मी त्यांना नको म्हटलं, आणि मग रडले.

सोमवारी मी भांडणाच्या तयारीने गेले. रस्ताभर मनातल्या मनात मुद्दे घोळवले होते. तो म्हणणार संगणकाने फसवलं, मी म्हणणार शब्द म्हणजे शब्द. तो म्हणणार तू यादी चुकीची लिहिलीस, आणि ते तो म्हणाला तर काय म्हणायचं, एवढं एकच मला सुचलं नव्हतं.

दादा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता.

“चल दादा. कबूल केलं होतंस.”

“काय कबूल केलं होतं?”

“हरलास तर डॉक्टरकडे येणार म्हणून.”

“हरलो? कशात?” त्याने वहिनींकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हसला. तेच हसू. “डॉक्टरकडे जायचंय होय? चला की. त्यात काय एवढं?”

तो उठलासुद्धा. रागावला नाही, अडून बसला नाही. इतक्या सहज निघाला की रस्ताभर घोळवलेले माझे मुद्दे वाया गेले. मला भांडण हवं होतं. त्याने माझा लेख पुन्हा माझ्या तोंडापुढे नाचवला असता तर मी त्याचे पाय धरले असते.

वहिनींनी त्याचे बूट आणून ठेवले. तो दाराजवळच्या स्टुलावर बसला आणि म्हणाला, “संध्याकाळच्या आत परत येऊ ना? फायनलची यादी पाठवायचीय. गोलवर कोणाला ठेवू, तेच ठरत नाहीये.”

आता खरं-खोटं करत बसण्यात काय अर्थ होता? लहान मुलाशी बोलावं तशा आवाजात मी म्हटलं, “कुलूपला ठेव की, दादा.”

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी काही बावळटासारखं बोलले की तो पूर्वी बघायचा तसं, अगदी सरळ.

“कुलूप केव्हाच निवृत्त झाला, छोटे,” तो म्हणाला. “तूच नव्हतं का लिहिलंस त्याच्यावर? किती छान लिहिलं होतंस.”

आणि नाडी बांधून घ्यायला त्याने वहिनींपुढे पाय केला.